प्रत्यारोपण पार पडले, आता घराची पाळी

अस्थिमज्जा प्रत्यारोपण म्हणजे मोठी शस्त्रक्रिया, असा समज अजूनही सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात त्या दिवशी शस्त्रक्रियागृहाचा दरवाजाही उघडावा लागत नाही. मूलपेशींची एक पिशवी रक्ताच्या बाटलीप्रमाणे टांगली जाते, नळीतून थेंब थेंब शरीरात उतरते आणि तास-दोन तासांत काम संपते. काचेपलीकडे उभे असलेले नातेवाईक ‘एवढेच?’ म्हणून परस्परांकडे पाहतात. एवढेच नसते. पिशवी लावण्यापूर्वीच्या काही दिवसांत तीव्र औषधांनी, क्वचित किरणोत्साराने, रुग्णाची जुनी मज्जा जवळजवळ रिकामी केलेली असते. नव्या पेशी हाडांच्या पोकळीत जाऊन रुजेपर्यंत हे शरीर जंतूंसमोर निःशस्त्र असते, आणि रुजल्यानंतरही पुष्कळ महिने अर्धेमुर्धेच सशस्त्र असते. या उपचारात जे रुग्ण दगावतात, त्यांतील अनेकांचा घात मूळ आजार करीत नाही, जंतुसंसर्ग करतो.

भारतातील पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. स्वतः डॉ. अडवाणी बालपणी पोलिओ झाल्यामुळे चाकांच्या खुर्चीवरून काम करीत. ज्यांच्याकडून ही विद्या जगभर पसरली, त्या अमेरिकेतील डॉ. डॉनल थॉमस यांना १९९० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा ही गोष्ट वृत्तपत्रांच्या मथळ्यापुरती होती. आज पुण्यातील मोठ्या रुग्णालयांतही ही सोय आहे, आणि पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण, तळेगाव या पट्ट्यातील कुटुंबांना हा शब्द अनोळखी राहिलेला नाही. कारखान्यातून निवृत्त झालेल्या गृहस्थांना मल्टिपल मायलोमा निघतो आणि त्यांच्याच पेशी काढून, गोठवून, पुन्हा देण्याचा सल्ला मिळतो. कंपनीत कामाला असलेल्या तरुणाला रक्ताचा कर्करोग होतो आणि भावाच्या किंवा बहिणीच्या पेशी जुळतात का, हे पाहिले जाते. फाळणीनंतर पिंपरी कॅम्पात वसलेल्या सिंधी समाजात, तसेच पंजाबी, कच्छी, बंगाली समाजांत थॅलेसेमियाचे वाहक तुलनेने अधिक आढळतात. अशा बाळासाठी दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवण्यातून सुटण्याचा रूढ मार्ग प्रत्यारोपणाचाच आहे.

या तिन्ही घरांत शेवटी रुग्णाच्या उशाशी कोण बसते? बहुधा आजी, आजोबा, साठी ओलांडलेली आई, किंवा सत्तरीतील रुग्णाची तितक्याच वयाची पत्नी. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

जंतूंचे वेळापत्रक

प्रत्यारोपणानंतरचे संसर्ग वाटेल तेव्हा, वाटेल ते येत नाहीत. त्यांना एक क्रम असतो, आणि तो ठाऊक असला तर डॉक्टर अमुक गोळी सहा महिने आणि तमुक गोळी वर्षभर का देतात, याचा उलगडा होतो.

पहिला काळ पेशी रुजेपर्यंतचा. स्वतःच्याच पेशी परत दिल्या असतील तर साधारण दहा ते चौदा दिवस, दात्याच्या पेशी असतील तर दोन ते चार आठवडे. रक्तातील न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जंतूंवर सर्वांत आधी धावून जातात. त्यांची संख्या दर घन मिलिमीटरला ५०० च्या खाली गेली की धोका वाढतो, आणि या काळात ती कित्येकदा शून्याच्या आसपास असते. त्यातच औषधांमुळे तोंडापासून आतड्यापर्यंतचे अस्तर सोलून निघालेले असते. आपल्या आतड्यात जन्मभर निमूटपणे राहिलेले ई. कोलाय, क्लेबसिएला यांसारखे जंतू त्या फटींतून थेट रक्तात शिरतात. छातीतील किंवा दंडातील नळीवाटे त्वचेवरचे जंतू आत जातात. म्हणजे या टप्प्यातील शत्रू पुष्कळदा बाहेरून येत नाही, तो घरचाच असतो. भेटायला येणाऱ्यांना अडवूनही ताप का आला, असे विचारणाऱ्या नातेवाइकांनी हे लक्षात घ्यावे. त्यांच्या सेवेत उणीव राहिली असे मुळीच नसते.

दुसरा काळ रुजण्यापासून शंभराव्या दिवसापर्यंतचा. पांढऱ्या पेशींचा आकडा आता बरा दिसतो आणि घरचे निर्धास्त होतात. परंतु विषाणूंना ओळखून त्यांचा बंदोबस्त करणाऱ्या लिंफोसाइट पेशी अद्याप अप्रशिक्षित असतात. दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावर उलटू नयेत म्हणून सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस किंवा स्टेरॉइड चालू असते, आणि ती औषधे संरक्षण आणखी खाली आणतात. या संधीची वाट पाहणारा विषाणू म्हणजे सायटोमेगॅलोव्हायरस. भारतातील बहुतेक प्रौढांच्या शरीरात तो लहानपणापासून झोपलेला असतो. प्रत्यारोपणानंतर तो जागा झाला तर फुप्फुस, आतडे, डोळे यांना इजा करतो. म्हणून वरचेवर रक्त तपासून, लक्षणे दिसण्यापूर्वीच त्याला पकडण्याची पद्धत आहे. ‘तब्येत ठणठणीत आहे, मग दर आठवड्याला रक्त कशाला?’ या प्रश्नाचे उत्तर हे आहे. दात्याच्या पेशी घेतलेल्या रुग्णांसाठी ही तपासणी टाळणे धोक्याचे असते. स्वतःच्या पेशी परत घेतलेल्यांना हा धोका बराच कमी असतो.

तिसरा काळ शंभर दिवसांनंतरचा. नागीण उठते. न्यूमोकॉकस या जंतूमुळे न्यूमोनिया होतो. दात्याच्या पेशींचा रुग्णाच्या शरीराशी दीर्घकालीन झगडा चालू राहिला, ज्याला डॉक्टर जीव्हीएचडी म्हणतात, तर हा काळ वर्षानुवर्षे लांबू शकतो. नागीण टाळण्यासाठी असायक्लोव्हिरची गोळी साधारण वर्षभर, आणि एका विशिष्ट न्यूमोनियापासून बचाव व्हावा म्हणून सेप्ट्रानची गोळी किमान सहा महिने दिली जाते. या गोळ्या दिसायला साध्या आणि किमतीने हलक्या असतात. त्यामुळेच त्या आधी बंद पडतात, हे विचित्र पण खरे आहे.

आपल्याकडे या वेळापत्रकात आणखी दोन नावे जोडावी लागतात. पहिले क्षयरोगाचे. तरुणपणी होऊन बरा झालेला किंवा कधी कळलाच नाही असा क्षय पुन्हा डोके वर काढू शकतो, म्हणून घरात कोणाला कधी क्षय झाला होता हे प्रत्यारोपणापूर्वी डॉक्टरांना स्पष्ट सांगितले पाहिजे. संकोचाने ही गोष्ट लपवली जाते, आणि पुढे तीच महागात पडते. दुसरे नाव एका बारीक कृमीचे, स्ट्रॉंगिलॉइडिसचे. ओल्या मातीत अनवाणी चालणाऱ्याच्या पायातून तो शिरतो आणि आतड्यात दशकानुदशके राहतो. आयुष्याची पहिली तीस वर्षे भातखाचरात राबून मग कारखान्यात लागलेल्या मावळ-खेडकडील माणसाच्या बाबतीत ‘शेती करत होता का?’ हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे. स्टेरॉइड सुरू झाले की हा कृमी सर्व शरीरभर पसरू शकतो. आधी लक्षात आला तर थोड्याशा गोळ्यांनी जातो.

पिंपरीची माती आणि बुरशी

बुरशीच्या संसर्गाविषयी लिहिताना पिंपरीचा उल्लेख टाळताच येत नाही. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना उभा राहिला आणि देशाला स्वतःचे पेनिसिलिन मिळू लागले. याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिंपरीच्या मातीतील एका सूक्ष्मजीवापासून बुरशीनाशक औषध वेगळे काढले. कारखान्याच्या नावावरून औषधाचे नाव हॅमायसिन ठेवले आणि सूक्ष्मजीवाला गावाचे नाव दिले: स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. आज प्रत्यारोपणाच्या रुग्णांना रक्तवाहिनीतून जे अँफोटेरिसिन दिले जाते, त्याच कुळातले हे औषध. एका गावाच्या मातीने जगाच्या औषधकोशात आपले नाव नोंदवावे, ही गोष्ट पिंपरीकरांनी नातवंडांना सांगावी अशी आहे.

तीच माती आता धूळ होऊन उडते आहे. रुग्णाच्या दृष्टीने सर्वांत घातक बुरशी म्हणजे अ‍ॅस्परजिलस. तिचे बीजकण इतके हलके असतात की बांधकामाच्या, खोदकामाच्या, जुन्या भिंती पाडण्याच्या धुळीबरोबर हवेत तरंगत राहतात. निरोगी माणूस ते रोज श्वासाबरोबर घेतो आणि त्याला काही होत नाही. प्रत्यारोपण कक्षात खास गाळण्यांतून हवा सोडतात ती यांच्यासाठी. घरी आल्यावर मात्र बाहेर रस्त्याचे काम चाललेले, शेजारी बारा मजली इमारत उठत असलेली, आणि चाकणच्या रस्त्यावरून अवजड वाहनांनी उडवलेला फुफाटा. पुणे-नाशिक महामार्गालगत राहणाऱ्यांना याचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही.

रुग्ण घरी येण्यापूर्वी घराची दुरुस्ती, रंगकाम, फरशी फोडणे असे काहीही उरकून घ्यावे. तो आल्यावर वर्षभर हात लावू नये. दिवाळीची झाडलोट रुग्ण दुसऱ्या घरी असताना करावी आणि झाडूऐवजी ओले फडके वापरावे. रस्त्याकडच्या खिडक्या बंद ठेवाव्यात. भिंतीला ओल येऊन काळी बुरशी धरली असेल तर ती खोली रुग्णाला देऊ नये. कुंड्या, ताज्या फुलांचे हार, फुलदाणीतले शिळे पाणी खोलीबाहेर. गॅलरीतील कबुतरांना दाणे घालणे थांबवावे. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेतही बुरशी असते. उन्हाळ्यात पाण्याच्या कूलरपुढे रुग्णाला बसवू नये, कारण टाकीत साचलेले पाणी जंतूंचे आगर होते. घराबाहेर पडताना मास्क लावावाच, परंतु साध्या कापडी मास्कने हे बीजकण अडत नाहीत; एन-९५ नीट घट्ट बसवावा, आणि खोदकाम चालू असेल तिकडून जाणे टाळावे.

ताप आणि चाकणचा चौक

आता या लेखातील सर्वांत निकडीची गोष्ट. पांढऱ्या पेशी कमी असलेल्या रुग्णाला ताप आला तर पहिले प्रतिजैविक रुग्णालयात पोहोचल्यापासून तासाभरात शिरेतून मिळावे, असा सर्वमान्य संकेत आहे. सकाळपर्यंत वाट पाहण्याची सोय नाही. जंतू रक्तात असतील तर काही तासांत रक्तदाब कोसळतो.

ताप किती म्हणजे ताप? एकदाच १०१ अंश फॅरनहाइट, किंवा तासभर टिकून राहिलेला १००.४. बऱ्याच केंद्रांत १००.४ दिसताच दूरध्वनी करा असे सांगतात, आणि तेच सुरक्षित आहे. हात लावून ताप ठरवू नये, मापक वापरावा. काखेतील आकडा तोंडातील आकड्यापेक्षा कमी येतो. कुठला धरायचा हे रुग्णालयातच विचारून ठेवावे. गुदद्वारात मापक घालू नये, एनिमा देऊ नये. सर्वांत मोठी चूक म्हणजे आधी क्रोसिन देऊन पाहणे. ताप उतरतो, आकडा दिसेनासा होतो, जंतू मात्र आत वाढत राहतो. स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णाला तर ताप न येताही गंभीर संसर्ग होऊ शकतो. हुडहुडी भरणे, नळीतून औषध सोडल्यावर अचानक थंडी वाजणे, लघवी कमी होणे, धाप लागणे, आणि वृद्ध रुग्णाने असंबद्ध बोलणे किंवा एकाएकी गळून जाणे, ही लक्षणे तापाइतकीच महत्त्वाची मानावीत. जखमेत पू दिसत नाही म्हणून निश्चिंत राहू नये. पू बनतो तो पांढऱ्या पेशींपासून. त्याच नसतील तर पू कुठून होणार?

हे सारे कागदावर सोपे आहे. पण समजा, रुग्णाचे घर चाकणमध्ये आहे, प्रत्यारोपण पुण्यात झाले आहे आणि ताप सायंकाळी सहाला चढला आहे. पाळी सुटलेली, कंपन्यांच्या बस रस्त्यावर, तळेगाव चौकात कंटेनरची रांग, पुढे मोशी, भोसरी, नाशिक फाटा. अंतर किलोमीटरमध्ये मोजून येथे उपयोग नाही. माझे स्पष्ट मत असे की, दात्याच्या पेशी घेतलेल्या रुग्णाने पहिले शंभर दिवस तरी रुग्णालयापासून अर्ध्या-पाऊण तासाच्या आत राहावे. नातेवाइकाची खोली मिळाली तर उत्तम, नाहीतर भाड्याची. हा खर्च उपचाराचाच भाग समजून आधीच धरावा. ज्यांना ते शक्यच नाही, त्यांनी घरी परतण्यापूर्वी प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांकडून आपल्या भागातील एका रुग्णालयाचे नाव ठरवून घ्यावे. तेथे रक्ताचा नमुना घेऊन पहिली मात्रा द्यायची आणि मग रुग्णवाहिकेने पुढे न्यायचे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावण्यात कमीपणा काही नाही.

त्या स्थानिक डॉक्टरांच्या हाती काय द्यायचे, याचीही तयारी हवी. आपल्या देशातील रुग्णालयांत नेहमीच्या प्रबळ प्रतिजैविकांनाही दाद न देणारे जंतू बरेच आढळतात, विशेषतः क्लेबसिएला. रुग्णाच्या शरीरात असा जंतू आधी सापडला असेल, तर पहिलेच औषध वेगळे निवडावे लागते. म्हणून पूर्वीच्या कल्चर तपासण्यांचे अहवाल, चालू औषधांची यादी, डॉक्टरांचे एक पानी पत्र आणि रात्री उचलला जाईल असा दूरध्वनी क्रमांक, हे सारे एका पिशवीत दाराजवळ टांगलेले असावे. मोबाइलमध्ये छायाचित्रे आहेत, हे पुरेसे नाही. ज्याच्या मोबाइलमध्ये ती असतात तो नेमका दुसऱ्या पाळीला गेलेला असतो.

पाणी, स्वयंपाक, प्रसाद

पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या अखेरीपासून दिवसाआड पाणी येऊ लागले. पाणी कमी मिळते यापेक्षा ते साठवले जाते, ही रुग्णाची खरी अडचण आहे. इमारतीची टाकी, मग घरातली टाकी, मग पिंप, मग माठ आणि त्यात बुडवलेला हात. जानेवारी २०२५ मध्ये पुणे परिसरात गिलँ-बारे आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जंतू सापडला आणि पिण्याच्या पाण्याचा प्रश्न ऐरणीवर आला. धडधाकट माणसांची ही कथा, तर प्रत्यारोपित रुग्णाबद्दल काय बोलावे! त्याच्यासाठी पाणी खळखळून उकळावे, झाकून निववावे, तोटीच्या भांड्यात ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी नवे करावे. क्लोरीनने न मरणारे काही परजीवी उकळण्याने मरतात. दात घासायलाही हेच पाणी वापरावे.

आहाराबाबत मात्र पूर्वीचा कडकपणा आता सैल होत आहे. पूर्वी रुग्णाला फळ, भाजी जवळजवळ वर्ज्य असे. इटलीतील अनेक केंद्रांनी मिळून केलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, इतका निर्बंधित आहार घेणाऱ्यांत संसर्ग काही कमी होत नव्हते. याचा अर्थ भेळ खावी असा नाही. स्वच्छ, ताजे, नीट शिजलेले अन्न हा नियम कायमच आहे. पण घरी स्वच्छ धुऊन, सोलून दिलेले केळे किंवा संत्रे यांना घाबरून रुग्णाला अर्धपोटी ठेवू नये. आपल्या केंद्राचा नियम अधिक कडक असेल तर अर्थातच तो पाळावा.

आपल्या स्वयंपाकघरातील धोके जरा निराळे आहेत. वरणभात शिजलेला असतो, पण वरून भुरभुरलेली कोथिंबीर कच्ची असते. तिखट, मसाला, हळद फोडणीत शिजू द्यावी. शिजल्यावर वरून पेरू नये. ठेचा, कच्ची चटणी, उसाचा रस, बाहेरचे कापलेले फळ, बर्फ वर्ज्य. घरच्या दह्याविषयी प्रत्येक केंद्राचे मत वेगळे असते. पेशी रुजेपर्यंत बहुतेकजण नको म्हणतात, पुढे विचारून द्यावे. पपनस टाळावे, कारण त्याने टॅक्रोलिमससारख्या औषधाचे रक्तातील प्रमाण वाढू शकते. ‘शक्ती यावी’ म्हणून कोणी आणून दिलेली चूर्णे आणि काढे डॉक्टरांना न सांगता देऊ नयेत.

तीर्थ आणि पंचामृत यांचे काय? अनेक हातांतून आलेले, न शिजवलेले, न उकळलेले. आजीच्या मनाला हे बोलणे लागते, याची जाणीव ठेवूनच लिहितो: ते रुग्णाच्या कपाळी लावावे, मुखात घालू नये. ज्येष्ठात तुकोबांची पालखी देहूहून निघून निगडी-आकुर्डीवरून जाते. दरवर्षी दारात उभे राहून दर्शन घेणाऱ्या घरातील रुग्णाने या वर्षी ते गॅलरीतूनही न घेता दूरदर्शनवर घ्यावे. गर्दी घराच्या दारात आलेली असते आणि तिच्याबरोबर पावसाळ्याच्या तोंडचा सर्दी-खोकलाही.

नातवंडे, लसी आणि सेवा करणारे

घरात लहान मूल असणे रुग्णाच्या मनाला उभारी देते; त्याला दूर पाठवण्याची गरज नसते. मात्र त्याला सर्दी, ताप, कांजिण्या किंवा जुलाब असतील तेव्हा वेगळे ठेवावे. घरातील सर्व मोठ्या माणसांनी दरवर्षी फ्ल्यूची टोचून घ्यायची लस घ्यावी. रुग्णाला स्वतःला लसीचा लाभ कमी होत असताना कुटुंबच त्याची तटबंदी असते. एक बारीकशी गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही: पोलिओचे तोंडावाटे दिले जाणारे थेंब आणि रोटाव्हायरसचे थेंब यांत जिवंत, दुबळे केलेले विषाणू असतात आणि ते काही आठवडे बाळाच्या शौचातून बाहेर पडतात. बाळाची लस बुडवायची नाही. परंतु घरात प्रत्यारोपित रुग्ण आहे हे बाळाच्या डॉक्टरांना सांगून कोणती लस द्यावी ते ठरवावे, आणि बाळाचे लंगोट रुग्णाने मुळीच हाताळू नयेत. रुग्ण जर आजीच असेल, तर तिला हा नियम पाळायला लावणे सर्वांत अवघड जाते.

सेवा करणाऱ्या ज्येष्ठांनी आपला खोकला लपवू नये. ‘माझ्यावाचून कोण करणार’ म्हणून तापातही रुग्णाजवळ बसणारी आई पाहिली की तिच्या मायेला नमस्कार करावासा वाटतो आणि तिला उठवावेसेही वाटते. म्हणून प्रथमपासूनच दोन माणसे तयार हवीत, दोघांनाही नळीची निगा, औषधांच्या वेळा, हात धुण्याची रीत शिकवलेली. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असलेल्या घरच्या कोणाचीही क्षयासाठी तपासणी करावी. ती सरकारी दवाखान्यात विनामूल्य होते. सेवा करणाऱ्याची झोप, मधुमेह, रक्तदाब यांची आबाळ झाली की पंधरा दिवसांत घरात एकाऐवजी दोन रुग्ण होतात.

आणि रुग्णाच्या स्वतःच्या लसी? जुन्या मज्जेबरोबर लहानपणी घेतलेल्या लसींची आठवणही बव्हंशी पुसली जाते. साठ वर्षांच्या गृहस्थांना तान्ह्या बाळाप्रमाणे पुन्हा सुरुवात करावी लागते. न्यूमोकॉकसची लस साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यापासून, तीन मात्रांत. फ्ल्यूची लस हंगामाप्रमाणे. धनुर्वात, घटसर्प, कावीळ-बी आणि टोचून द्यायचा पोलिओ पुढच्या महिन्यांत. गोवर आणि कांजिण्यांच्या लसी जिवंत विषाणूंच्या असल्यामुळे दोन वर्षे पूर्ण होण्यापूर्वी देत नाहीत, आणि तेव्हाही जीव्हीएचडी नसेल व प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे बंद झाली असतील तरच देतात. तोवर शेजारच्या मुलाला गोवर किंवा कांजिण्या झाल्याचे कळले आणि रुग्ण त्याच्या सहवासात आला असेल, तर पुरळ उठण्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे; संसर्ग टाळण्यासाठी द्यायच्या औषधांचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच होतो.